चार तारांचे सुतारकाम

एप्रिल-मे महिन्यात बंगळुरूवर वळवाचा पाऊस कोसळला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पडलेल्या झाडांची छायाचित्रे हमखास येतात. कुठे मोटारीवर आडवा झालेला गुलमोहर, कुठे अख्खा रस्ता अडवून बसलेली रेन ट्रीची फांदी. महापालिकेची माणसे करवती घेऊन येतात, ओंडके गाडीत भरतात आणि त्यातले बरेचसे लाकूड सरपणात जाते. या रेन ट्रीला, म्हणजे आपल्या विलायती शिरीषाला, हवाई बेटांवर मंकीपॉड म्हणतात. तिथले कारागीर त्याच्या तपकिरी, नागमोडी रेषांच्या लाकडाची युकुलेले घडवतात. आंब्याचेही तसेच. आपल्याकडे आंब्याचे लाकूड म्हटले की फळांची खोकी आणि सेंट्रिंगच्या फळ्या डोळ्यांसमोर येतात. हवाईत आंब्याची युकुलेले मुद्दाम मागून घेतली जातात आणि लाकडात बुरशीने काळ्या रेघा ओढल्या असतील तर किंमत आणखी चढते.

युकुलेले हे चार तारांचे, काखेत मावणारे, गिटारच्या धाकट्या भावंडासारखे दिसणारे वाद्य. बंगळुरूसारख्या शहरात ते आता वाद्यांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात टांगलेले दिसते. विकत घेणारे पुष्कळ असतात. घेतल्यावर काही महिन्यांनी त्यातल्या थोड्यांच्या मनात विचार येतो, की हे एवढेसे खोके आपल्याला घरी करता येणार नाही का? येते. माझे तर म्हणणे असे, की तंतुवाद्य घडवण्याची हौस असलेल्या नवख्या माणसाने सुरुवात याच वाद्यापासून करावी आणि बंगळुरूत राहणाऱ्याने परदेशी लाकडाच्या मागे लागू नये. हे वाद्य जन्मले तेच मुळी जवळ मिळेल त्या लाकडातून.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदराला लागले. त्यातून उतरलेली चारशेहून जास्त माणसे अटलांटिकमधल्या मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आली होती. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तिघे कपाटे-खुर्च्या करणारे सुतार होते. मळ्यावरचे करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत आपला मूळ धंदा सुरू केला आणि सोबत आपल्या गावची वाद्येही करू लागले. मदेइरातले चार तारांचे छोटे ‘माशेत’ आणि पाच तारांचे ‘राजांव’ यांच्या संकरातून युकुलेले तयार झाले. आकार पहिल्याचा, तारांची जुळणी दुसऱ्याची. लाकूड मात्र दोन्हींपैकी कुणाचे नव्हते. त्यांनी हवाईत उगवणारे कोआ वापरले, ज्यातून तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या होड्या कोरत आले होते. राजा कलाकाउआ याने दरबारातल्या नाच-गाण्यांत या वाद्याला स्थान दिले आणि तीस-चाळीस वर्षांत ते ‘पारंपरिक हवाई वाद्य’ होऊन बसले.

मराठी वाचकाला यात मिरजेची आठवण व्हावी. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम एकोणिसाव्या शतकात बसले, तेव्हा त्यांच्यातले फरीदसाहेब सतार-तंबोऱ्यांकडे वळले आणि त्या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचे, हात शिकलगारांचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडालेले किंवा देश सोडून आलेले कारागीर आणि आसपास मिळणारा माल, एवढ्यावर वाद्यांच्या इतिहासातली बरीच पाने लिहिली गेली आहेत.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने युकुलेले गाजवले आणि सगळ्या अमेरिकेला त्याचे वेड लागले. १९१६ मध्ये सॅम्युएल कमाका यांनी होनोलुलूत सुरू केलेला कारखाना आजही त्याच घराण्याकडे आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन या नामवंत गिटार कंपनीची कथा जास्त बोधप्रद आहे. तिने १९०७ च्या सुमारास पहिल्यांदा युकुलेले केली तेव्हा गिटारच्या सवयीने आतून भरपूर आधारपट्ट्या ठोकल्या. वाद्य मजबूत झाले आणि मुके झाले, कुणी घेईना. १९१६ मध्ये तिने पातळ महोगनीचे, हलके, कमी पट्ट्यांचे वाद्य बाजारात आणले आणि मग मागणी पुरी करता येईना. नवशिका आजही नेमके मार्टिनचे १९०७ गिरवतो.

गंमत अशी, की हवाईची आडवी, सरकपट्टीने वाजवायची गिटार आपल्याकडे फार लवकर पोचली. व्हॅन शिप्ले यांनी ती हिंदी सिनेसंगीतात घराघरांत नेली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. तिचे हे धाकटे भावंड मात्र पाऊण शतक मागेच राहिले. कारण उघड आहे. सरकपट्टीवर मींड निघते. युकुलेलेवर नायलॉनच्या तारेचा स्वर सेकंद-दोन सेकंदांत विरतो आणि पडदे मधे येतात. ख्यालगायकीच्या मागे लागलेल्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. पण गाणे म्हणता म्हणता साथ धरायला याच्याइतके सोपे वाद्य नाही.

आता खरेदी. आकार चार: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. सोप्रानोच्या तारेची बोलती लांबी साधारण ३४५ मिलिमीटर, कॉन्सर्टची ३८०, टेनरची ४३०, बॅरिटोनची पाचशेच्या आसपास. पहिल्या तिघांची जुळणी एकच असते. ती हार्मोनियमच्या भाषेत सांगतो. पांढरी एकचा ‘सा’ धरला, तर वरून खाली सुट्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात आणि चारही स्वर मध्य सप्तकातले असतात. म्हणजे सर्वांत वरची तार सर्वांत खर्जाची नसते. गिटारवाल्याला हे विचित्र वाटते. तंबोऱ्यात पंचमाच्या पुढे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज ऐकलेल्या माणसाला वाटू नये. आणि या चार स्वरांत एक रिषभ मिळवला की भूप पुरा होतो. तो रिषभ ‘सा’च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आहे. भूप गुणगुणत पहिल्या दिवशी पाच स्वर शोधायला एवढे पुरेसे आहे.

बंगळुरूत वाद्य पाहायला दोन निराळ्या जागी जाता येते. एक, एम. जी. रोडच्या आसपासची गिटार-कीबोर्डची झगमगीत दुकाने. दुसरी, चिकपेटेला लागून असलेली बळेपेट, जिथे वीणा, हार्मोनियम, तबले आणि बँडचे बिगुल एकमेकांना खेटून उभे असतात. जुन्या वाद्यांची दुरुस्ती, घोडीचे तुकडे, खुंट्या यांची चौकशी करायची तर बळेपेटेसारखी जागा नाही. दोन-चार हजारांत मिळणारे युकुलेले प्लायवूडचे असते. प्लायवूडला नाके मुरडायचे कारण नाही. तीन पापुद्रे आडवे-उभे चिकटवल्यामुळे ते हवेने फारसे हलत नाही, फाटत नाही. प्रवासाला आणि लहान मुलांच्या हाती द्यायला तेच बरे. आवाज थोडा बसका येतो एवढेच. तबली, म्हणजे वरची फळी, अखंड लाकडाची हवी असेल तर दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. अखंड लाकूड आहे की नाही हे मधल्या भोकाच्या कडेला पाहून कळते. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर अखंड, कडेला थर दिसले तर प्लाय. भोकाच्या कडेला जाड काळा रंग फासला असेल तर दुकानदाराला विचारण्याचीही गरज नाही.

याहून महत्त्वाची परीक्षा स्वराची. दुकानात वाद्य मिळवून घ्यायचे. मग एकेक तार आधी सुटी छेडायची आणि नंतर बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. दोन्ही स्वर बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर यायला हवेत. फोनवरच्या फुकट ट्यूनरने हे दोन मिनिटांत तपासता येते. बाराव्या पडद्यावर स्वर चढा लागला तर तार फार उंचावर आहे किंवा घोडी चुकीच्या जागी चिकटवली आहे. तारेची उंची नीट करता येते, पण चिकटवलेली घोडी हलवणे म्हणजे नवे दुखणे. पहिल्या पडद्यावर बोट फार जोरात दाबावे लागत असेल तर वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत; त्या बारीक कानशीने खोल करता येतात आणि वाद्य एकदम हाताला हलके लागते. स्वस्त युकुलेलेबद्दलच्या तक्रारींपैकी अर्ध्या तरी या खाचांपाशी मिटतात. म्हणून माझा सल्ला असा, की बांधायला घेण्याआधी एक स्वस्त वाद्य घ्यावे, ते उघडे पाडून मोजावे, त्याच्या खाचा-घोडी दुरुस्त कराव्या. पाच-सहा युकुलेले भिंतीवर टांगण्याचा रोग पुष्कळांना जडतो. त्याच पैशांत हत्यारे येतात.

घरी युकुलेले का जमते आणि गिटार का जमत नाही, याचे उत्तर वजनात आहे. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण त्या खोक्यावर टाकतात. तो पेलायला दांडीत लोखंडी सळई घालावी लागते, आत पट्ट्यांची कैची बसवावी लागते आणि एक सांधा चुकला की वर्षभरात घोडी पोट फाडून वर येते. युकुलेलेच्या चार तारांचा एकत्र ताण १५ ते २० किलो. सळई लागत नाही, दोन-तीन बारीक पट्ट्या पुरतात आणि तबली पावणेदोन मिलिमीटर जाडीची चालते. लाकूडही थोडकेच लागते. सोप्रानोची तबली आणि पाठ मिळून दोन वह्यांच्या पुठ्ठ्यांएवढी जागा व्यापतात. फ्लॅटच्या गॅलरीत, शेजाऱ्यांची तक्रार न येता, हे काम होऊ शकते.

आणि बंगळुरू हे अशा उद्योगाला सोयीचे गाव आहे. सिल्व्हर ज्युबिली पार्क रोडवर, ज्याला सगळे एसजेपी रोड म्हणतात, हत्यारांची ओळीने दुकाने आहेत. रंधा, पटाशी, कानस, शिकंजे, व्हर्नियर कॅलिपर सगळे एका फेरीत मिळते. मेट्रोच्या हलसुरू स्थानकाखाली वर्कबेंच प्रोजेक्ट्सने सामायिक कार्यशाळा थाटली, तेव्हा घरी यंत्र नसलेल्या हौशी लोकांची सोय झाली. शिवाय अभियंत्याने वाद्यात हात घालायची इथे जुनी रीत आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले आणि बासरी वाजवणारे जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांची राडेल कंपनी बंगळुरूची. आज पुण्या-मुंबईतल्या कितीतरी गायकांच्या रियाझात ते खोके वाजत असते.

लाकूड हा या छंदातला सर्वांत रसाळ आणि सर्वांत वादाचा भाग. जगभरच्या गिटारांची पाठ ज्या ‘इंडियन रोजवूड’ची असते ते आपले शिसवी, कन्नडमध्ये बीटे. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या घाटातले. साहजिकच बंगळुरूच्या हौशी माणसाला वाटते की ते आपल्या परसात आहे. पण शिसवी आणि चंदन यांवर कर्नाटकात वनखात्याची कडक नजर असते. वखारीतून घेतले तरी पावती मागून घ्यावी आणि नीट जपावी. जगाच्या बाजारातही त्याच्यामागे कागद लागले आहेत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेला आणि वादकांना विमानतळावर आपल्याच वाद्याचा परवाना दाखवायची भीती पडली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सन या गिटार कंपनीवर घातलेल्या धाडीत भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनुसाच्या पट्ट्याही जप्त झाल्या होत्या. वादाचा मुद्दा पट्टीची जाडी आणि कागदावर लिहिलेले तिचे नाव हा होता, कारण भारतातून कच्चे चिरलेले लाकूड बाहेर नेता येत नाही.

एवढे करून सोप्रानोला शिसवी लागतेच असे नाही. ती जड असते. पाठीला चालेल, तबलीला नको. कमी ताणाच्या तारांना हलवायला हलकी तबली हवी. तुणीचे लाकूड, जे मिरजेत सतारीला वापरतात, महोगनीच्या कुळातले आहे आणि युकुलेलेची दांडी, तबली, पाठ सगळ्याला चालते. खुद्द महोगनी बंगळुरूच्या रस्त्यांवर उभी आहे. १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिन्हाळ यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे १५ लाख झाडे लागली, त्यात ती होती. फणस दक्षिणेत वीणेला आणि मृदंगाला वापरतातच. मात्र रस्त्यावर पडलेल्या झाडाचा ओंडका परस्पर उचलून आणू नये. तो महापालिकेचा माल असतो.

कोआची तर वेगळीच कथा. कोआ ही बाभळीच्या जातकुळीतली, अकेशिया वंशातली. तिची एक जवळची नातलग ऑस्ट्रेलियातली ब्लॅकवूड आणि ती १८४० च्या दशकात इंग्रजांनी सरपणासाठी निलगिरीत आणून लावली. आज उटीच्या परिसरातल्या गवताळ माळांवर तिने इतके पाय पसरले आहेत की वनखात्याला ती काढून टाकायची आहे. म्हणजे हवाईत सोन्याच्या भावाने जाणाऱ्या लाकडाची सख्खी चुलत बहीण बंगळुरूपासून एका दिवसाच्या रस्त्यावर नकोशी होऊन उभी आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या वाद्यकंपन्या तिच्याच गिटारी करतात. कोकण-गोव्यात सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळही याच वंशातली. तिच्या जड, तपकिरी लाकडाची पाठ करून पाहायला हरकत नाही.

वखारवाल्याने ‘हे अमुक’ म्हणून दिलेली फळी खरोखर कशाची आहे हे ठरवायला मल्लेश्वरममध्ये इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे. १९३८ साली सुरू झालेल्या वनसंशोधन प्रयोगशाळेतून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली. तिच्याकडे लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि लाकूड ओळखून देण्याचे काम तिथे होते. आडवा छेद भिंगाखाली धरला की छिद्रांची मांडणी झाडाचे नाव सांगते. वखारीत अनेक लाकडे एकाच नावाने खपतात, तेव्हा ही सोय लहान नाही.

फळी निवडताना आडवा छेद पाहायचा. खोडाची वर्तुळे फळीच्या रुंदीला उभी काटकोनात गेलेली असली तर ती फळी सर्वांत कमी वाकते आणि तबलीसाठी तीच घ्यायची. ओले लाकूड इंचाला वर्षभर या हिशेबाने वाळते. आंबा आणि रेन ट्री तर कापल्याबरोबर चिरून, टोकांना रंग लावून, बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून मग रचावे लागतात, नाहीतर भुंगा आधी जेवतो. एक धोक्याची सूचना इथेच देतो: शिसवी आणि आंबा या दोन्हींच्या भुशाने पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठते. घासताना तोंडाला फडके नको, चांगला मास्क हवा.

घडवण्यातला सर्वांत नाट्यमय क्षण कडा वळवण्याचा. दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या पट्ट्या घासून तयार करायच्या, थोडा वेळ पाण्यात भिजवायच्या आणि आतून तापवलेल्या लोखंडी नळीवर टेकवायच्या. नळीवर पाण्याचा थेंब पडताच नाचून उडाला पाहिजे. पहिले काही क्षण पट्टी हट्टाने सरळ राहते. ओल वाफ होऊन आत शिरते, तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन मऊ होते आणि मग हाताला स्पष्ट कळते की लाकूड ढिले पडले. त्या वेळी जोर करायचा नाही, फक्त नळीभोवती हलके झुलवत न्यायचे. घाईने दाबले तर कंबरेच्या वळणावर कट्‌ आवाज येतो आणि नवी पट्टी घासायला बसावे लागते. वळलेली पट्टी नळीवरून काढून हातात धरून थंड करायची, म्हणजे आकार धरते. मग ती साच्यात. कडांना आतून दात पाडलेली बारीक पट्टी चिकटवतात, म्हणजे तबली-पाठीला टेकायला रुंद जागा मिळते. ती दाबून धरायला शिकंज्यांची गरज नसते. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, वर रबर गुंडाळून, वीस-तीस लागतात.

तबली पातळ करताना कानाचा उपयोग करायचा. फळी दोन बोटांच्या चिमटीत कडेला धरून मधे टिचकी मारली की जाड असताना टक्‌ असा कोरडा आवाज येतो. घासत गेले की स्वर उतरत जातो आणि एका टप्प्यावर टिचकीनंतर गुंज राहू लागते. तिथे थांबायचे. किती मिलिमीटर, हे दर लाकडाला निराळे येते, म्हणून पुस्तकातला आकडा सुरुवातीपुरता धरावा.

पडद्यांचे काम मात्र गणिताचे आहे, तिथे कानाला विचारायचे नाही. पाश्चात्त्य सप्तकाचे बारा सारखे भाग असल्यामुळे प्रत्येक पडदा उरलेल्या तारेचा ठरावीक अंश कापतो: उरलेली लांबी भागिले १७.८१७. तारेची लांबी ३५० मिलिमीटर धरली तर पहिला पडदा १९.६४ मिलिमीटरवर येतो. उरले ३३०.३६, त्याला पुन्हा भागले की पुढचे अंतर १८.५४. असे करत बारावा पडदा नेमका १७५ वर, म्हणजे निम्म्यावर, बसतो आणि शेवटचे अंतर १०.४ पर्यंत आवळलेले असते. सोळाव्या शतकात व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओच्या वडिलांनी, यासाठी सरळ १८ ने भागायचा नियम सांगितला होता आणि वाद्यकार तो शतकानुशतके वापरत राहिले. आपल्या ३५० मिलिमीटरवर तो लावून पाहिला तर बारावा पडदा १७३.७ वर पडतो. सव्वा मिलिमीटरची चूक. सप्तकाला स्वर साधारण १२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या आठव्या हिश्श्याइतका, उतरा लागेल. बोटाने दाबलेली तार ताणून थोडी चढते, त्यामुळे जुन्यांचे काम भागत होते. आज आपण १७.८१७ वापरतो आणि तो चढ भरून काढायला घोडी दीड-दोन मिलिमीटर मागे सरकवतो. शंभर टक्के अचूक पडद्यांवरही शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढाच लागणार. तो दोष करणाऱ्याचा नाही, बारा सारख्या भागांचा आहे. शेजारी तंबोरा लावून बसू नये.

घोडीचाच विषय निघाला तर बंगळुरूत सी. व्ही. रामन यांचे नाव घ्यायला हवे. इथे येण्याच्या कितीतरी आधी, कोलकात्यात असताना, १९२१ मध्ये त्यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या रुंद, बाकदार घोडीवर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत असा युरोपातला नियम. आपल्या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात आणि याचे कारण तार घोडीला चाटत, सरकत टेकते हे त्यांनी दाखवले. युकुलेलेची घोडी याच्या उलट. हाडाची अरुंद, टोकदार पट्टी, तारेला एकाच रेषेत टेकणारी. एका हौशी मित्राने तिला जवारी काढून, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीसारखा बाक देऊन, पाहिली. झणकार आला, पण चार स्वर एकदम छेडले की सगळ्याचा चिखल झाला.

डिंकाबद्दल दोन मते आहेत. मिरजेची परंपरा जनावरांच्या सरसाची. तो ठिसूळ पण कडक, स्वर गिळत नाही, आणि ऊन पाण्याने सुटतो म्हणून दुरुस्ती सोपी. फेव्हिकॉलच्या जातीचे पांढरे डिंक वापरायला सोपे, पण सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत सूक्ष्म सरकतात. बंद मोटारीत उन्हात ठेवलेल्या वाद्याची घोडी त्यामुळे निसटते. मी घोडीला सरस आणि बाकी सांध्यांना पांढरा डिंक या तडजोडीचा आहे. वरून लाखेचे पॉलिश, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने पातळ थरांत. जाड वार्निश चकाकते आणि तबलीला जखडते.

सगळे सांधे कोरड्या दिवशी चिकटवावेत हा नियम बंगळुरूवाल्यांना फार अवघड जात नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या या गावी फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा चांगली कोरडी असते, तेव्हा पट्ट्या आणि पाठ बसवून घ्यायची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते-आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात दमट लाकूड चिकटवले तर उन्हाळ्यात आक्रसताना ते मधोमध तडकते. कोरड्यात चिकटवलेले पावसात फक्त थोडे फुगते. म्हणूनच मार्चमध्ये बांधलेले युकुलेले घेऊन कुणी जूनमध्ये राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेला आणि पुढे मुंबईला गेला, तर तबलीला पोट येते आणि तारा पडद्यांपासून उंच होतात. घाबरून घोडी तासू नये. खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्या, तारा अर्धा स्वर उतरवाव्या आणि ऑक्टोबरपर्यंत थांबावे.

तारांसाठी नायलॉन किंवा फ्लोरोकार्बन. दुसरी म्हणजे मासेमारीच्या गळाला वापरतात तोच माल, आणि काही जण ती थेट गळाच्या दुकानातूनच आणतात. रीळभर दोरीत बरेच संच निघतात. जाडी मिलिमीटरच्या शतांश भागांत पाहून घ्यावी लागते. नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत दर पाच मिनिटांनी स्वर उतरला म्हणून खुंट्यांवर संशय घेऊ नये.

खर्चाचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. पहिल्या युकुलेलेला हत्यारे धरून जेवढे पैसे जातात तेवढ्यात दुकानातून अखंड लाकडाचे उत्तम वाद्य येते. दुसऱ्यापासून फक्त लाकूड, पडद्यांची तार, खुंट्या आणि पॉलिश. तिसऱ्याच्या वेळी साचा, नळी आणि पडद्यांचे गणित तयार असते, आणि तेव्हा कुणीतरी नातलग विचारतो, “आमच्या मुलीला एक करून देशील का?”